टीचभर पाणी

मुलांनो, एक जिना डोळ्यांसमोर आणा. रोजचा, पायाखालचा, दिवे गेले तरी उतरता येईल असा. हात कठड्यावर आहे, डोकं भलतीकडेच आहे आणि पाय आपले आपण मोजताहेत. वळणापर्यंत नऊ पायऱ्या, वळणानंतर पुन्हा नऊ. शेवटच्या पायरीवरून तुम्ही पाऊल खाली सोडता, जमीन रोज जिथे असते तिथे, आणि जमीन त्याच्या आधीच येते. तुम्ही पडत नाही. नुसती टाच दणकन आपटते, दातावर दात बसतात, आणि क्षणभर कळत नाही की चुकलं कोण, पाय की जमीन. तो क्षण तसाच धरून ठेवा. आणि आता त्या जिन्यावर तुमच्या जागी एक बाई उभी करा. वय बावन्न, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा, चष्म्याचं घर आणि निळ्या पुठ्ठ्याची एक फाइल. ही बाई बंदरात पाण्याची खोली मोजते. सव्वीस वर्षं झाली. बुडाला काय आहे आणि ते किती खाली आहे, एवढंच तिचं काम. आणि आज सकाळी तिच्याच घराखाली बूड वेळेआधी आलं.

"लागलं का गं?" वरून नवऱ्याने विचारलं. तो दारात चहाचा कप घेऊन उभा होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इमारतीच्या दुरुस्त्या त्याच्याकडे होत्या, आणि त्या तो वर्ग सांभाळावा तशा सांभाळायचा. "नाही लागलं," ती म्हणाली, "जमीन वर आलीय." "मग? नवी फरशी बसवली की काल. तुला दाखवणार होतो, तर तू आलीस ती फाइलीत डोकं घालून बसलीस." "जुनी कुठे गेली?" "जाते कुठे? खालीच आहे. फोडायची म्हणजे आठ दिवस धूळ. तळमजल्यावरचे आजोबा खोकून खोकून घाबरे झाले असते. म्हणून जुनीच्याच वर बसवून घेतली. तीन बोटांचा तर फरक. होईल सवय." ती हसली, हात हलवला आणि निघाली. फाटकापर्यंत गेली, परत वळली, आणि त्या शेवटच्या पायरीवर चढून पुन्हा एकदा उतरली. मुद्दाम, लक्ष देऊन. पायाने या वेळी जुळवून घेतलं. होईल सवय, तिला वाटलं, आठ दिवसांत होईल, आणि मग या घरात कुणाला आठवणारसुद्धा नाही की खाली आणखी एक जमीन आहे. या विचारात भिण्यासारखं काही नव्हतं. तरी गाळात काठी खुपसल्यावर आतून बुडबुडे येतात तसा तो बस येईपर्यंत पुन्हा पुन्हा वर येत राहिला.

बसमध्ये जागा होती, पण ती उभीच राहिली. फाइल पिशवीत असूनही तिला तिच्यातली पानं दिसत होती. आज अकरा वाजता साहेबांच्या खोलीत वर्षाच्या हिशोबाची बैठक होती. शेवटच्या पानावर तिची सही व्हायची होती, आणि त्या सहीच्या वर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: वाट, बारा मीटर पाच सेंटिमीटर. वाट म्हणजे समुद्रातून धक्क्यापर्यंत येणारी जहाजांची वाट. वरून बघाल तर सगळीकडे सारखंच पाणी दिसेल, पण नदी रोज गाळ आणून टाकते आणि त्या गाळातून जहाजांपुरता एक खोल पट्टा मोकळा ठेवावा लागतो. तो मोकळा ठेवायला ड्रेजर नावाची बोट असते. ती तळाचा गाळ उपसते आणि लांब नेऊन टाकते. पूर्वी ठेका असा असायचा की जितक्या फेऱ्या गाळ काढाल तितके पैसे. तुम्हाला कुणी म्हटलं की जितकी पानं लिहाल तितके गुण, तर तुम्ही अक्षर मोठं काढाल की नाही? तसंच झालं होतं. ड्रेजर दिवसरात्र चालायचा, माणसं थकून जायची, कागदावर गाळाचे डोंगर उभे राहायचे, आणि वाट होती तिथेच. गाळ फार लांब न्यायचा नाही, जवळच टाकायचा. भरती तो परत आणायची. मग तोच पुन्हा उपसायचा. त्यात कुणी चोर नव्हतं. मोजमाप चुकीच्या गोष्टीचं चाललं होतं. ही गोष्ट तिला ऐन चाळिशीत, ड्रेजरच्या कठड्याला टेकून फेऱ्यांच्या रेघा ओढताना कळली, आणि कळल्यावर ती गप्प बसली नाही. तीन वर्षं तिने टिपणं लिहिली, पाच साहेबांना भेटली, आणि सगळ्यांना एकच वाक्य ऐकवलं: गाळ किती काढला ते विचारू नका, पाणी किती उरलं ते विचारा. शेवटी नवा ठेका झाला. वाट वर्षाचे बाराही महिने बारा मीटर खोल हवी. कधी उपसायचं, कुठल्या बोटीने, किती फेऱ्या, ते ठेकेदाराने ठरवावं. बंदर फक्त खोली मोजणार, आणि खोली भरली तरच काम भरलं असं मानणार. सध्याच्या साहेबांनी त्या कागदावर सही करताना तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं होतं. "बाई, म्हणजे सगळं बंदर तुमच्या एका आकड्यावर उभं राहणार. झेपेल?" "झेपेल," ती म्हणाली होती. तेव्हापासून धक्क्यावर तिचं नाव बाराबाई पडलं. ती दिसली की खलाशी एकमेकांना म्हणायचे, बाराबाई आल्या रे, आता कुणाचे बारा वाजणार? आणि ती म्हणायची, तुमचेच, हलवा बोट.

पहिले आठ महिने आकडा भरला नव्हता. अकरा सत्तर, अकरा पंचाहत्तर. ठेकेदाराचा इंजिनिअर, तिशीतला, सदैव गुडघ्यापर्यंत चिखल, धक्क्यावर सगळे त्याला गाळवाला म्हणायचे. त्याची तिने दर महिन्याला खरडपट्टी काढली होती. आणि मग चार महिन्यांपूर्वी आकडा एकदम वर गेला. बारा दोन, बारा चार, बारा पाच. साहेबांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. तिला आनंद झाला होता, खरा आनंद, आपलं म्हणणं जगाने ऐकल्याचा. आकडा भरला म्हणून गाळवाल्याने गेल्याच आठवड्यात ड्रेजर दुसऱ्या बंदरात धाडला होता. आज दुपारी दीड वाजता, या बंदरात आजवर आलं नव्हतं एवढं मोठं जहाज पूर्ण भरून आत यायचं होतं, त्या बारा पाचवर भरवसा ठेवून. बस वळली, उजवीकडे पाणी दिसू लागलं, आणि तिच्या कानात नवऱ्याचा आवाज तसाच्या तसा पुन्हा आला. जुनीच्याच वर बसवून घेतली. चार महिन्यांपूर्वी धक्क्याच्या पृष्ठभागावर खड्डे पडले होते. जुनं फोडायला वेळ नाही, असं ठरलं आणि वरून काँक्रीटचा थर टाकला होता. त्याच आठवड्यात जहाजं ओढणाऱ्या एका टग बोटीने भरतीची पट्टी ठोकरली होती. तिने बसची दांडी दोन्ही हातांनी धरली.

पट्टी म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे तिने दांडी का आवळली ते कळेल. भरतीला पाणी वर चढतं, ओहोटीला उतरतं. सकाळी मोजली तर खोली एक, दुपारी मोजली तर दुसरी. मग खरी कुठली? म्हणून एक शून्य ठरवलेलं असतं, ओहोटीचं पाणी ज्याच्या खाली सहसा जात नाही अशी एक पातळी. धक्क्याच्या भिंतीवर आकडे लिहिलेली लांब पट्टी उभी असते, तिचा तळ त्या शून्यावर. पट्टीवर वाचायचं की आत्ता पाणी शून्याच्या किती वर आहे, मोजलेल्या खोलीतून तेवढं वजा करायचं, की उरते ती वाटेची खोली. आणि पट्टीचं शून्य कुठे आहे हे कसं कळतं? धक्क्याच्या माथ्यावर एक पितळी खिळा ठोकलेला असतो. खिळ्यापासून खाली सहा मीटर चाळीस सेंटिमीटर, तिथे शून्य. बस्स. यंत्र कितीही महागडं असो, आवाज तळापर्यंत पाठवून परत ऐकणारं असो, शेवटी सगळं त्या एका खिळ्याला टांगलेलं असतं. पट्टी तुटली त्या दिवशी ती तापाने घरी होती. बंदराच्या मिस्त्रीने फोन केला तेव्हा तिने पांघरुणातूनच सांगितलं होतं, खिळ्यापासून खाली सहा चाळीस. चार दिवसांनी ती धक्क्यावर गेली, पट्टी सरळ होती, खिळा चकचकीत होता, आणि तिने वहीत लिहिलं, तपासले. चकचकीत. तो शब्द तिच्या जिभेवर धातूसारखा लागला. अठ्ठावीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात राहिलेला पितळेचा खिळा चकचकीत कसा असेल? तेव्हा तिला छान वाटलं होतं. कुणीतरी पुसला असेल असं वाटलं होतं.

ती ऑफिसात गेलीच नाही. फाटकातून सरळ धक्क्यावर. रस्ता आणि नवा धक्का जुळतात तिथे गुळगुळीत उतार करून दिलेला होता, म्हणून चार महिने पायाला काहीच कळलं नव्हतं. इथे कुणाची टाच आपटली नव्हती. मिस्त्री टोकाला बसून एका खांबाचा गिलावा करत होता. "मिस्त्री, छिन्नी-हातोडा आहे?" "आहे की. काय फोडायचंय?" "हा खिळा." त्याने थापी खाली ठेवली. "अहो ताई, काय बोलताय! माझ्या हाताने बसवलाय तो. बघा कसा झळकतोय." "त्याच्या खाली काय आहे?" "खाली? खाली जुना आहे." इतक्या सहज म्हणाला तो. "थराखाली जुना गाडला जाणार होता ना, म्हटलं ताईंची पंचाईत होईल. म्हणून बरोब्बर त्याच्या डोक्यावर नवा मारला. ओळंबा लावून. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही." "आणि पट्टी?" "पट्टी याच्यापासून खाली, सहा चाळीस. तुम्हीच सांगितलं होतं फोनवर." "हो," ती म्हणाली, "मीच सांगितलं होतं." आणि छिन्नीसाठी हात पुढे केला. मिस्त्रीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हात झटकले आणि म्हणाला, "तुम्ही नका. बोटं चेचून घ्याल. माझंच काम आहे, मीच फोडतो."

तो फोडत होता आणि ती उकिडवी बसून बघत होती. काँक्रीटची राखाडी पूड उडत होती, पापण्यांवर बसत होती, आणि प्रत्येक घावाला तिच्या टाचेत सकाळची ती कळ परत येत होती. वर बसून मोजणाऱ्याला खालचं कधीच दिसत नाही. हे तिला सगळ्यात आधी कुणी शिकवलं असेल तर बाबांनी. बाबा एका मोठ्या जुन्या मालबोटीवर खोली मोजायची दोरी टाकायचे. तेव्हा यंत्रं सगळीकडे पोचली नव्हती. शिशाचा एक लांबट गोळा, बुडाला खोबण, खोबणीत चरबी. गोळा तळाला टेकला की चरबीला वाळू किंवा चिखल चिकटून यायचा आणि बाबा तो नाकाशी नेऊन सांगायचे, कुठून वाहून आलेला आहे ते. दोरीला खुणा. दोन वावांवर चामड्याच्या दोन जिभा, तीन वावांवर तीन, पाचावर पांढरी चिंधी, सातावर लाल लोकर. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंतचं अंतर. पाण्याने बोटं बधिर झाली की बाबा खूण ओठांना लावून ओळखायचे. नऊ वर्षांची असताना रविवारी ती त्यांच्याबरोबर जायची, दोरी हातात नसली तरी ओठ पुढे करून बसायची. आणि एका शनिवारी, दोरी गॅलरीत वाळत असताना, पाचावरची पांढरी चिंधी गळून पडलेली तिला दिसली. बाबा झोपले होते. त्यांना उठवायचं कशाला? तिने बाबांना शंभरदा बघितलं होतं. तीन जिभांपासून पुढे दोन वाव, की पाच. तिने हात पसरले, एक. पुन्हा पसरले, दोन. आणि चिंधी घट्ट बांधली, बाबा बांधायचे तशीच गाठ मारून. सगळं बरोबर केलं होतं तिने. रीत बरोबर, गाठ बरोबर, मोजणीही बरोबर. फक्त हात नऊ वर्षांचे होते.

"ताई," मिस्त्री म्हणाला. खड्ड्याच्या बुडाला जुन्या खिळ्याचं डोकं दिसत होतं, हिरवं, खवल्याखवल्यांचं, कुरूप. तिने पूड फुंकली, टेप लावली, आणि आकडा दोनदा वाचला. सोळा सेंटिमीटर. अंगठा आणि तर्जनी ताणून तिने त्या खड्ड्यात धरली. टीचभर. पट्टी टीचभर वर सरकलेली. म्हणजे ती पाणी टीचभर कमी दाखवणार, वजाबाकी टीचभर कमी होणार, आणि वाट टीचभर खोल दिसणार. बारा पाचातून सोळा गेले. अकरा एकोणनव्वद. वाट सुधारली होती, खोटं नव्हतं ते. पण बारा नव्हती, चार महिन्यांत एक दिवसही नव्हती. मिस्त्री हळूच म्हणाला, "माझं काही चुकलं का?" तिला त्या आवाजाचं वाईट वाटलं. "तुमचं नाही. तुम्ही सांगितलं तेच केलंत. मी सांगितलं ते चुकलं, आणि बघायला आले तेव्हा बघितलंच नाही." मग ती तिथेच, गुडघ्यांवर पूड घेऊन उभी राहिली, आणि पहिला फोन केला तो बंदराच्या नियंत्रण खोलीत. जहाज आत आणणारा पायलट तिथेच होता. "दीडला आणू नका," ती म्हणाली. "पूर्ण भरतीला आणा. चारला." "का? वाट तर बारा पाच आहे." "नाही. अकरा एकोणनव्वद आहे." "बाराबाई, टीचभरासाठी एवढ्या मोठ्या जहाजाला अडीच तास बाहेर उभं करू?" "टीचभरासाठीच." तो मोठ्याने हसला, आणि मग हसला नाही. "सही लागेल तुमची." "येतेच आहे करायला."

फोन ठेवला तेव्हा गाळवाला मागे उभा होता. बैठकीसाठी इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस विंचरलेले, बूट मात्र तेच. खड्डा, दोन खिळे, टेप, सगळं त्याने एका नजरेत बघितलं, हुशार होता. "ताई," तो म्हणाला, "आठ महिने माझी खरडपट्टी काढलीत, चार महिने शाबासकी दिलीत. आता शाबासकी परत घेताय?" "परत घेतेय." "थांबा, थांबा. खोली सोळाने जास्त दाखवली, पण पट्टी सोळाने कमीच दाखवतेय ना? दोन्ही मिळून पाणी तेवढंच होतं की. चूक चुकीत कटली." क्षणभर तिला त्या वाक्यात जाऊन बसावंसं वाटलं, सावलीत बसावं तसं. तिने स्वतःला तेवढा क्षण दिला, जास्त नाही. "जहाज आपली पट्टी बघून येत नाही रे. ते छापलेला भरतीचा तक्ता बघून येतं, आणि तक्ता जुन्या शून्यावरचा आहे." त्याने तोंडातून हवा सोडली. त्याचा ड्रेजर चार दिवसांच्या अंतरावर होता, हे दोघांनाही माहीत होतं. "आणि मी कंपनीत सांगून बसलोय," तो म्हणाला, "की या पद्धतीने काम होतं म्हणून. मी स्वतः नवीन नळी बसवली, गाळ लांब नेऊन टाकला, फेऱ्या कमी केल्या." "होतंच आहे काम. अकरा सत्तरवरून एकोणनव्वदवर आणलंस ना? ते तुझंच आहे, ते कोणी घेत नाही." "म्हणजे आता तुम्हाला काय म्हणायचं? अकरा एकोणनव्वदबाई?" "लांबलचक होतंय," ती म्हणाली. "बैठकीला उशीर होतोय, चल."

साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावर शेवटचं पान आधीच उघडून ठेवलेलं होतं, सहीच्या जागी पेन आडवं. तिने उभ्यानेच सांगितलं. खिळा, थर, फोन, ताप, चकचकीत, तपासले. कुठलाही शब्द गाळला नाही. सांगताना तिला एक विचित्र गोष्ट जाणवली: सव्वीस वर्षांत जमवलेलं नाव अंगावरून उतरत होतं, आणि खाली थंडी वाजत नव्हती. साहेबांनी चष्मा काढला. "चार महिने तुमच्या सह्या आहेत यावर." "हो." "मिस्त्रीने पट्टी चुकीची लावली, असं लिहा. लहान गोष्ट आहे, आजच मिटेल." "मिस्त्रीने बरोबर लावली. तसं लिहिता येणार नाही." "बाई, मी तेव्हाच म्हटलं होतं. फेऱ्या मोजायचो तेच बरं होतं. फेरी निदान डोळ्यांना दिसते. हा तुमचा एक आकडा, आणि तो असा." तिने ते पान स्वतःकडे वळवलं. "फेऱ्या मोजत असतो तर वाट आज अकरा मीटर असती, साहेब, आणि या खोलीत आपण सगळे खूश असतो. आज चुकलं हे कळलं, ते आकडा आहे म्हणून कळलं." "कळलं ते तुमच्या इमारतीच्या फरशीमुळे," गाळवाला मागून पुटपुटला, वाटेत तिने त्याला सांगितलं होतं. साहेबांनी त्याच्याकडे रागाने बघितलं, मग हसू दाबलं, मग पुन्हा गंभीर झाले. "चौकशी होईल. कदाचित मोजणीचं काम तुमच्याकडे राहणार नाही." "ठीक आहे. पण तोपर्यंत माझ्याकडे आहे ना?" "म्हणजे?" "म्हणजे पट्टी आज दुपारीच जुन्या खिळ्यावरून लावून घेते, आणि वाट पुन्हा मोजते. चार महिन्यांची सगळी पानं रद्द करून नवी लिहिते, प्रत्येकावर का ते लिहून. वर्षाचं पान मात्र बारा पाचवर होणार नाही." तिने टेबलावरचं पेन उचललं. साहेबांना वाटलं, सही करते आहे. तिने बारा पाचावर एक आडवी रेघ मारली, शेजारी अकरा एकोणनव्वद लिहिलं, आणि त्याखाली सही केली. गाळवाल्याने खिशातून फोन काढला आणि दाराकडे जात ड्रेजरच्या कप्तानाला म्हणाला, "काका, नांगर उचला. परत या. हो, हो, आजच. कारण विचारू नका, आल्यावर चहा पाजतो."

दुपारी ती मोजणीबोटीवर होती. बोटीवर चढण्याआधी, मिस्त्री शिडीने पाण्यात कमरेइतका उतरून पट्टी बसवत होता तेव्हा, तिने खाली वाकून स्वतःच्या हाताने टेपचं टोक जुन्या खिळ्यावर धरलं होतं, आणि या वेळी डोळ्यांनी बघितलं, बोटांनी चाचपलं, आणि कुणी बघत नाहीसं पाहून पितळेवरून फिरवलेलं बोट ओठांनाही लावलं. खारट होतं. लांब, नदीच्या तोंडाबाहेर, ते मोठं जहाज थांबलेलं दिसत होतं, भरतीची वाट बघत. उद्या काय होईल ते तिला माहीत नव्हतं. यंत्राचा आवाज तळापर्यंत जात होता आणि परत येत होता, पडद्यावर रेघ उमटत होती, आणि त्या रेघेच्या मागे, अगदी खालच्या थरात, बाबांची ती जुनी बोट चिखलात रुतलेली होती, तिच्या नवव्या वर्षीची.

बाबांनी दोरी टाकली होती, खूण ओठांना लावून "पाच वाव!" असं ओरडले होते, आणि भरलेली बोट, जिला पुरते पाच वाव लागायचे, जेमतेम साडेचार वावांच्या पाण्यात तळच्या चिखलात हलकेच शिरून थांबली होती. काही फुटलं नाही, कुणी पडलं नाही; पण आता भरती येईपर्यंत सहा तास तिथेच बसायचं होतं. कप्तान तावातावाने आला. त्याने दोरी हिसकून घेतली, पांढरी चिंधी दोन बोटांत धरून बाबांच्या नाकासमोर नाचवली. "ही कुणी बांधली? वीस वर्षं दोरी टाकतोस आणि पाच कुठे ते कळत नाही? कुणी बांधली ही?" बाबांनी चिंधीकडे बघितलं, गाठीकडे बघितलं. मग एकदाच, पटकन, कठड्याशी बसलेल्या मुलीच्या हातांकडे बघितलं. "मी बांधली," ते म्हणाले. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. तिने तोंड उघडलं नसतं तर कुणाला कधीच कळलं नसतं, आणि सहा तासांनी पाणी आपोआप वर आलं असतं. ती उठली. ओल्या फळ्यांवर पाय घसरत होते, तशीच कप्तानापर्यंत गेली आणि म्हणाली, "मी बांधली. माझ्या हातांनी मोजून." आणि कशी ते दाखवायला तिने दोन्ही हात पसरले. कुणीतरी फिसकन हसलं, एवढेसे हात. ती हसली नाही, रडलीही नाही. कप्तानाच्या हातातून तिने दोरी घेतली, ओल्या गाठीला नखं लागेनात म्हणून ती दातांनी सोडवली, चिंधी मुठीत धरली, तीन जिभांची खूण शोधून दोरीची ती जागा बाबांच्या उजव्या हातात दिली, आणि म्हणाली, "बाबा, हात पसरा."